जिजासमोर वाचायचं वाक्य

बेलवली, बदलापूर
४ ऑगस्ट १९५४

प्रिय मधु,

तुझं पुस्तक मी वाचलेलं नाही, ऐकलं आहे, आणि तेही अजून निम्मंच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुला मास्तरणीचा अभिप्राय वाटणार नाही.

कल्याणच्या पुस्तकवाल्याकडे ते मला गेल्या महिन्यात दिसलं. वर तुझं नाव, खाली नागपूर. तू गेल्यापासून तुझं नाव मी फक्त पाकिटांवर लिहीत आले. छापलेलं पाहिलं आणि दुकानात उभी राहूनच पहिलं पान उघडलं, पण वाचलं नाही. मला ते ओटीवर ऐकायचं होतं.

ओटीचं तुला माहीत नसणार. तू गेलास त्याच वर्षी मी आपल्या ओटीवर बायकांचा लिहिण्यावाचण्याचा वर्ग सुरू केला. त्यात ठाकूरवाडीची सरू आली. नवरा वारल्यावर ती बेलवलीत मोलमजुरीला येऊन राहिली आहे. ती वाचायला शिकली आणि तिचा असा आवाज निघाला की पावकी म्हणणाऱ्या बायकासुद्धा पाट्या खाली ठेवून ऐकत बसल्या. तेव्हापासून दुपारी भांडी घासून झाली की सरू वाचते आणि आम्ही ऐकतो. मी मुद्दाम वाचत नाही. मी वाचलं की सगळ्या शाळेत बसल्यासारख्या गप्प होतात. सरू वाचते तेव्हा भांडतात.

कथाकादंबऱ्या त्यांना नको असतात. मोतीबाई म्हणतात, "खोटं ऐकाया घरची काय कमी हायत?" म्हणून माहितीची पुस्तकं. आतापर्यंत जी ऐकली त्यांच्याविषयी माझं मत असं की पुस्तक कानाला कसं लागेल याचा विचार लेखक फार क्वचित करतात. ताऱ्यांवरचं एक ऐकलं, सुंदर होतं, पण कोटी आणि अब्ज कानाला सारखेच. डोळ्याला आकड्यावर थांबता येतं, कानाला येत नाही. एका कारखानदाराचं चरित्र ऐकलं. चारशे पानांत त्या माणसाला एकदाही भूक लागली नाही, म्हणून कोणी एकदाही 'हं' म्हणालं नाही. सगळ्यात उत्तम कोंबड्या पाळण्याचं. लिहिणाऱ्याचा कोंबडीवर जीव आहे हे ओळीओळीत ऐकू येतं. मोतीबाईंचं मत, "ह्याच्या घरान कोंबरी पाटावर जेवाया बसत असल."

विलायतेच्या प्रवासाचं एक पुस्तक मात्र आम्ही अर्ध्यावर सोडणार होतो, पण सोडता येत नाही. याचं कारण मोतीबाई. पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तक चौरंगावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. मला हसू आलं, पण मी अडवलं नाही. निदान मन लावून ऐकतील असं वाटलं. तेव्हापासून ओटीवर जे पुस्तक येतं ती पोथी. प्रकरण म्हणजे अध्याय, तो मध्ये तोडायचा नाही, ओळ गाळायची नाही, सुरू केलेलं पुरं करायचं. सरूने गद्याला एक चालही लावून टाकली आहे.

आता तुझं. बाळंतपण आणि नवजात मूल यावर पुरुषाने लिहिलेलं पुस्तक म्हटल्यावर पदर तोंडावर गेले होते. मी तुझं नाव सांगितलं नाही. तू माझा भाऊ म्हणून मला जे आवडेल ते त्यांनाही आवडतं का, हे मला तपासायचं होतं. तिसऱ्या दिवशी मोतीबाई म्हणाल्या, "हा मानूस आपले बाजूचा हाय." का, तर पाणी किती उकळायचं हे तू मिनिटांत न सांगता हंडीभर भात शिजेपर्यंत असं सांगतोस. मग मी नाव सांगितलं.

मधु, हे पुस्तक चांगलं आहे. वाक्यं आखूड आहेत आणि प्रत्येक वाक्याला एकच काम आहे. घड्याळ नसलेलं घर, एकच चूल असलेलं घर, दार बंद केलं की काळोख होणारं घर, अशा घरांत उभं राहून तू लिहिलं आहेस. एकच जागा खटकली. 'सर्व सामान आधीच जमवून ठेवावे' असं तू लिहितोस. जन्माआधी आपल्याकडे अंगडंसुद्धा शिवत नाहीत हे तू विसरलास. मोतीबाईंनी कानांवर हात ठेवले. त्यांना ते पटवणं मी माझ्याकडे घेतलं आहे.

का, ते सांगते. मोतीबाईंच्या सुनेला, वेणूला, दिवस आहेत. पुढच्या महिन्यात होईल. पहिलं मूल गेलं तेव्हा डॉक्टर म्हणून तू त्या घरात होतास. दुसऱ्या वेळी नव्हतास, आणि पाचवीला सटवी पुजल्यावर दोन दिवसांत पुन्हा तसंच झालं. तेच धनुर्वाताचे आचके, तसाच मिटलेला जबडा. हे तिसरं. म्हणून मी तुझं पुस्तक ओटीवर आणलं. सुईण जिजा, सरूची मावशी, तीही ऐकायला येते आणि सगळ्यांच्या मागे खांबाला टेकून बसते. तिने ऐकावं एवढंच मला हवं आहे.

उत्तर पाठवलं नाहीस तरी पुढचं कळवीन.

अक्का


१९ ऑगस्ट १९५४

प्रिय मधु,

तुझ्या सातव्या प्रकरणात एक वाक्य आहे. तुला पाठ असेल, तरी उतरवते.

'आपल्या खेड्यांतील सुईण ही अर्भकाची पहिली वैरीण होय. तिच्या विळ्याने आणि तिच्या राखेने जितकी मुले मारली, तितकी देवीच्या साथीने मारली नसतील.'

एकटीने मनात वाचलं असतं तर मी मान डोलावून पान उलटलं असतं. पण ते सरूने पोथीच्या चालीवर वाचलं, आणि जिजा खांबाला टेकून बसली होती.

'सुईण ही' म्हणून सरू थांबली. तिची नजर पुढच्या शब्दांवर गेली असणार. तिने माझ्याकडे पाहिलं. मला काही सुचण्याआधी मोतीबाई म्हणाल्या, "वाच गो, मध्येच तोरू नको." पुढे काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. सरूने वाचलं. चाल मोडली, पण ओळ गाळली नाही.

कोणी 'हं' म्हणालं नाही.

जिजा उठली, पदर खोचला. आवाज चढवला नाही. मला म्हणाली, "बाई, तुमच्या मधुची नाल मीच कापली. ह्याच इल्यानं. राख पन लावली. तो कसा जगला, ते लिवलंय काय त्यात?"

मी म्हटलं, "जिजाबाय, बस तरी."

"बसून काय करू? येनूची दोन मी मारली, असंच ना? मंग तिसऱ्याला पोथीला बोलवा. पोथी काढील पोर."

ती गेली. सरू चौरंगासमोर तशीच बसून राहिली. "मी वाचलं बाई, मी बोलले नाय," एवढंच म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सरूला घेऊन मी वाडीवर गेले. जिजा नाचणी पाखडत होती. तिने आम्हाला पाणी दिलं, घोंगडी टाकली, पावसाचं विचारलं, आणि त्या गोष्टीवर एक अक्षर बोलली नाही. निघताना मी म्हटलं, मी ते वाक्य खोडते. ती म्हणाली, "तू पुसशील ते रबरानं पुसशील. ज्यानं लिवलं त्यानं पुसावं."

खरं सांगते, घरी येऊन मी पेन्सिल घेऊन बसलेही होते. तुझ्या छापलेल्या ओळीवर मला रेघ ओढवेना. तो तुझा मान होता की माझा भित्रेपणा, हे रोजनिशीत दोन पानं लिहूनही ठरलं नाही.

वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. विळा खरा, राख खरी. त्या दिवशी मोतीबाईंच्या घरून तू परत आलास आणि मोरीत कितीतरी वेळ हात धूत राहिलास. हे वाक्य तिथलं आहे, ते मी ऐकताक्षणी ओळखलं. त्यानंतर आपण दोघं एकमेकांना जे बोललो ते इथे काढत नाही. फक्त पुस्तकापुरतं बोलते. बाकी सगळं पुस्तक तू समोर बसलेल्या माणसाला सांगितलं आहेस. हे एकच वाक्य तू कोणाच्या तरी पाठीमागे बोललास. छापताना तुला वाटलं असेल की सुईणी काही पुस्तक वाचत नाहीत. वाचत नाहीतच. पण ऐकतात.

जिजाशिवाय या बाजूला दुसरी सुईण नाही. सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या दवाखान्यात वेणूला नेऊ असं मी सुचवलं. मोतीबाई म्हणाल्या, "तिथं तिची भास कोन समजंल? पहिल्या दोघांच्या वेली जिजाच होती, आतापन जिजाच पायजे." ज्या बाईच्या हातून दोन गेली तीच हवी, हे मला आधी अजब वाटलं. मग वाटलं, वेणू रडली तेव्हा जिजाही तिच्याबरोबर रडली होती. ते दवाखान्यात कुठून मिळणार?

म्हणून मागते. तुझं वाक्य तूच बदल. एकच ओळ लिहून पाठव. सोबत उत्तराचं कार्ड ठेवलं आहे, पत्ता घालून. माझ्यासाठी काही लिहू नकोस हवं तर.

अक्का


६ सप्टेंबर १९५४

प्रिय मधु,

वेणूला मुलगा झाला. दोघं बरी आहेत. 'अजून' हा शब्द मी लिहिला आणि खोडला. तरी तू तो वाच.

तुझं कार्ड आलं नव्हतं.

सामान आम्ही जमवलं ते असं. मोतीबाईंच्या घरात जन्माआधी काही आणायचं नाही ना, मग सरूने सगळं स्वतःच्या नावावर घेतलं. आम्ही दोघी कॅम्पात गेलो. सिंधी दुकानदाराने ब्लेडचं पाकीट पुढे केलं आणि विचारलं, "मालक कौन-सा वापरतो, माई?" सरू म्हणाली, "मालक नाय. पोथीत लिवलंय." त्याने पाकीट कागदात बांधलं, त्यावर साबणाची वडी ठेवली आणि म्हणाला, "ऐसी पोथी हमने नहीं सुनी." वस्तू सरूच्या खोपटात राहिल्या. मोतीबाईंना सगळं ठाऊक होतं आणि काहीच ठाऊक नव्हतं.

बुधवारी सकाळी वेणूला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा चंदर अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात रात्रपाळी करून नुकताच आला होता. तसाच वाडीवर गेला. दुपारपर्यंत परतला तो मान खाली घालून. मोतीबाईंनी त्याचं तोंड पाहिलं आणि भिंतीला टेकून बसल्या. मी कल्याणला जाण्याचा विचार करत होते, गाडी कितीची, वेणूला बसवता येईल का, असं सगळं. तेवढ्यात आवारात जिजा आली. चंदरच्या बरोबर यायचं नव्हतं म्हणून मागे राहिली होती एवढंच.

उंबऱ्यात उभी राहून तिने विचारलं, "पानी उकललं?"

मोतीबाई म्हणाल्या, "ठेवलंय."

"ठेवलंय नको सांगू. बुरबुरं आलं का? भात शिजंल एवरा येल झाला का?"

मग सरूकडे वळली. "तू आत येऊ नको. दारात बस, पोथी घे. नाल कापायचं हाय ते वाच. मोठ्यानं. मी सांगंन तवा म्होरं जायाचं."

दार लोटलं गेलं. मी सरूच्या शेजारी बसले. मधु, आयुष्यात मी पुस्तकं पुष्कळ ऐकली, कॉलेजात मोठमोठ्यांची भाषणं ऐकली. इतकं ऐकलं गेलेलं पुस्तक मी पाहिलं नव्हतं. सरू वाचायची, 'हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत', आणि आतून पाण्याचा आवाज यायचा. मग "हं". वेणू ओरडायची तेव्हा सरू थांबायची आणि बोट ओळीवर ठेवून वाट पाहायची. तुझी आखूड वाक्यं का आखूड आहेत ते मला तिथे कळलं. लांब वाक्य त्या दारातून आत गेलंच नसतं.

मूल रडलं. सरू वाचत राहिली. 'दोरा दोन ठिकाणी बांधावा.' आतून, "बांधला. म्होरं." 'उकळलेल्या पात्याने मध्ये कापावे.' बराच वेळ काही नाही. मग, "कापला."

सरूने पान उलटलं आणि गप्प झाली. तुझं वाक्य तिथेच आहे.

"काय झाला? पान फाटला?"

"नाय मावशे."

"मंग वाच. मला ठाऊक हाय तिथं काय हाय."

सरूने माझ्याकडे पाहिलं नाही या वेळी. तिने वाचलं, चाल न लावता, शेजारणीला निरोप सांगावा तसं. वैरीण, विळा, राख, सगळं.  आत मूल कण्हत होतं.

"झाला त्याचा बोलून?" जिजा म्हणाली. "आता सांग, राख नाय तर काय लावू?"

"काहीच लावू नये."

"काहीच नाय?"

"काहीच नाय, मावशे. कोरडं ठेवावं."

"ह्ये बरं हाय. सोप्पं."

सरू हसली आणि तिथेच हमसून रडली.

संध्याकाळी मोतीबाईंनी जिजासाठी लुगडं काढलं. तिने हात लावला नाही. "बारशाला दे. तवर थांब," म्हणाली. कशासाठी थांबायचं ते सगळ्यांनाच कळलं. काल सटवी पुजली. पुढचे दिवस कसले आहेत ते तुला मी सांगायला नको. जिजा वाडीवर परत गेलेली नाही. वेणूच्या दाराबाहेर बसून असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातांकडे पाहते.

अक्का


२४ सप्टेंबर १९५४

प्रिय मधु,

बारसं झालं. मुलगा पितो, झोपतो, सगळं अंग ताठ करून ओरडतो, आणि तसा तो ताठ झाला की वेणूचा रंग जातो. मग तो जांभई देतो. नाळ सुकून पडली. आज तर तो मोतीबाईंच्या अंगावर चार वेळा ओकला आणि त्यांनी ते सगळ्या आळीला दाखवलं.

तुझं कार्ड बारशाच्या आदल्या दिवशी मिळालं. एकच ओळ. वर 'प्रिय' नाही, खाली नाव नाही. जसं मागितलं तसंच पाठवलंस. तरी तुझं अक्षर आहे. 'ळ' तू अजून तसाच काढतोस. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं आहे तर राहू दे.

ओटीवर सगळ्या जमल्या होत्या, जिजाही. सरूने कार्ड चौरंगावर पुस्तकाशेजारी ठेवलं आणि मग वाचलं. 'आपल्या खेड्यांतील सुईणबाई अनुभवी असतात; त्यांच्या अनुभवास स्वच्छतेची जोड मिळाल्यास अनेक अर्भकांचे प्राण वाचतील.' मोतीबाईंना आवडलं. बाकीच्यांनी "हं" म्हटलं. मलाही बरं वाटलं. माझ्या सांगण्यावरून तू एक ओळ बदललीस याचं वाटलं, की ओळीचं, ते मी अजून तपासते आहे.

जिजाने सरूला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "ही कोन सुईणबाई? ह्यात मी नाय."

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच त्याने बदललं ना, जिजाबाय."

"पयल्यात मी होते. शिवी होती, पन माजी होती. इला माजा, राख माजी. ह्ये कुनाचं बी हाय."

मोतीबाई म्हणाल्या, "बाय गो, तुझा समाधान कशान हाय ते तरी सांग."

"पयलं ऱ्हाऊ दे. त्याच्या म्होरं अजून एक घाल म्हनावं."

मी कागद घेतला. तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, आणि मग तुझ्या भाषेत बसवायला गेले. दोन वेळा बसवलं, दोन्ही वेळा सरूकडून मोठ्याने वाचून घेतलं, आणि दोन्ही वेळा ते बिघडलं होतं. म्हणून जसं तिने सांगितलं तसं, फक्त शुद्ध करून, पाठवते.

'बदलापूरच्या जिजाला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर तिने ऐकलं. पोर जगलं.'

त्यातलं पहिलं वाक्य मी सरूकडून पुन्हा वाचून घेतलं. जिजा आपल्या दारावरून वर्षानुवर्षं जात होती. तू घरात डॉक्टर होतास, मी मास्तरीण.

दुसऱ्या आवृत्तीत हे घालशील का, असं जिजा विचारते आहे. तिला कार्डावर उत्तर नको. ती म्हणते, त्याला सांग, ओटीवर येऊन बस आणि दोन्ही वाक्यं माझ्यासमोर वाच. मी ऐकते.

तुझी
अक्का